दोर्जे की फुर्बा? वज्र कुठलं आणि खीळ कुठली

लेहला फिरायला गेलेलं कुणीतरी पितळेचं टोकदार काहीतरी घेऊन येतं आणि ‘तिबेटी वज्र’ म्हणून दिवाणखान्यात मांडतं. बघावं तर तो असतो फुर्बा, तिबेटी बौद्ध विधीतली खीळ. चुकायला कारण आहे: फुर्ब्याच्या मुठीतच बहुधा एक वज्र घडवलेलं असतं.

वज्राला तिबेटीत दोर्जे म्हणतात, शब्दशः ‘दगडांचा राजा’. दार्जिलिंगमधलं ‘दार्जि’ ते हेच. याची दोन्ही टोकं सारखी. मधे गोळा, दोन्हीकडे कमळाच्या पाकळ्या, त्यातून फुटून टोकाशी पुन्हा मिटणारे दाते. दाते पाच असतील तर ते वज्रयान बौद्ध पंथातल्या पाच बुद्धांचे; नऊ दात्यांचं वज्रही असतं. उलटं धरलं तरी ते तेच. इंद्राच्या आयुधासारखं ते कुणावर फेकायचं नसतं. ते उजव्या हातात, डाव्या हातात घंटा. वज्र म्हणजे करुणा आणि उपाय, घंटा म्हणजे प्रज्ञा. नुसतं वज्र घेऊन येणं म्हणजे जोडीतला एकच टाळ घेऊन भजनाला बसणं.

फुर्ब्याला मात्र वर-खाली आहे. संस्कृतात तो कील, म्हणजे आपली खीळच. वर वज्रकील या देवतेची तीन उग्र मुखं, कधी हयग्रीवाचं घोड्याचं डोकं; खाली मकराच्या जबड्यातून निघालेलं तीन धारांचं पातं. या तीन धारा लोभ, द्वेष आणि मोह यांच्यावर चालतात. मंडल रेखाटण्याआधी जागेभोवती दिशादिशांना कील रोवतात. आपल्याकडे दिशा बांधून घेतात, तसंच काहीसं. खैराच्या लाकडाचा कील पूर्वापार चालत आलेला. विधीत साधक तो दोन तळव्यांमध्ये फिरवतो, वरण घोटायची रवी फिरवावी तसा. मग पिठाच्या छोट्या पुतळ्यात तो खुपसला जातो. पुतळा दिसायला शत्रूचा, पण मारायचा असतो तो ‘मी’पणा.

तिबेटात बौद्ध धर्म रुजवणारे गुरू पद्मसंभव नेपाळात फर्पिंगला साधना करत असताना विघ्नं येऊ लागली आणि ती वज्रकीलाच्या उपासनेने शमली, अशी कथा सांगतात. आपल्या कामाला खीळ बसली की आपण हळहळतो. तिथे विघ्नांनाच खीळ ठोकतात.

दुकानात घोळ झालाच तर ठेवलंय कसं ते बघावं. दोर्जे आडवं पडून राहतं. फुर्बा उभा मांडायचा तर टोक रोवायला त्रिकोणी बैठक लागते.