‘आर्टिलरी कुठल्या रकान्यात लिहायची?’ : लष्करी अधिकारी छात्रांना शाखा कशी मिळते

नाशिक रोड, देवळाली कॅम्प, भगूर या पट्ट्यात एनडीए (बारावीनंतरची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) किंवा सीडीएस (पदवीनंतरची संरक्षण सेवा परीक्षा) यांचा अर्ज भरायला बसलं की घरातून कोणीतरी हमखास विचारतं, ‘आर्टिलरी हवी आहे, ते कुठल्या रकान्यात लिहायचं?’ कुठल्याच नाही. अर्जात विचारतात ते सेनादल आणि अकादमी. तोफखाना (आर्टिलरी), इंजिनिअर्स, सिग्नल्स (संदेशवहन), पायदळ यांतलं काय हवं, ही विचारणा अकादमीच्या शेवटच्या टर्ममध्ये होते. तोवर वाटेप्रमाणे एक ते चार वर्षं गेलेली असतात. सीडीएसमधून ओटीएला, म्हणजे अधिकारी प्रशिक्षण अकादमीला, गेलेल्याचं प्रशिक्षण ४९ आठवड्यांचं, डेहराडूनच्या आयएमएत (भारतीय लष्करी अकादमी) थेट गेलेल्याचं दीड वर्षाचं, आणि एनडीएवाल्याचं खडकवासल्यात तीन वर्षं अधिक आयएमएत एक.

अर्जातली पसंती

एनडीएसाठी वयाची चौकट ढोबळमानाने साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षं. अधिसूचनेत थेट जन्मतारखांची मर्यादा दिलेली असते. तीच पाहा, बोटांवर हिशोब करू नका. भूदलासाठी बारावीची कुठलीही शाखा चालते. नौदल आणि हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. लेखी परीक्षा ९०० गुणांची (गणित ३००, सामान्य क्षमता ६००) आणि एसएसबी (सेवा निवड मंडळ) मुलाखतही ९०० ची. या १८०० गुणांवर अंतिम यादी लागते. यादीतला क्रमांक, पसंतीक्रम आणि वैद्यकीय निकाल एकत्र पाहून सेनादल ठरतं.

जागांचा अंदाज यावा म्हणून २०२५ च्या पहिल्या परीक्षेचे आकडे पाहा. एनडीएच्या ३७० जागांपैकी भूदल २०८, नौदल ४२, हवाई दलात उड्डाण ९२, ग्राउंड ड्युटी तांत्रिक १८ आणि बिगरतांत्रिक १०. नौदल अकादमीच्या ३६ जागा वेगळ्या. ओझरच्या एचएएलच्या विमान कारखान्यातून सुखोई उडताना पाहत वाढलेली मुलं बऱ्याचदा फक्त ‘उड्डाण’ लिहितात आणि बाकीचे पर्याय रिकामे सोडतात. मग वैद्यकीय तपासणीत उंची किंवा पायाची लांबी बसली नाही की सगळंच हातचं जातं. उड्डाणासाठी किमान उंची १६२.५ सेंमी आहे. शिवाय वैमानिक चाचणी, म्हणजे सीपीएसएस, आयुष्यात एकदाच देता येते. एकदा नापास झाल्यावर उड्डाण शाखेचं दार कायमचं बंद. पसंतीक्रम भरून अर्ज सादर केला की त्यात भर घालण्याची किंवा बदल करण्याची विनंती केंद्रीय लोकसेवा आयोग (यूपीएससी) घेत नाही. त्यामुळे खरोखर नको असलेला पर्याय सोडा, पण ‘बघू नंतर’ म्हणून रकाना कोरा ठेवू नका.

सीडीएससाठी पदवी लागते. आयएमए आणि ओटीएला कुठलीही पदवी चालते, नौदल अकादमीला अभियांत्रिकीची, तर हवाई दलाला बारावीचे भौतिकशास्त्र-गणित असलेली पदवी किंवा अभियांत्रिकीची. ओटीएच्या परीक्षेत गणिताचा पेपर नसतो.

परीक्षा केंद्राचं वाटप ‘आधी अर्ज, आधी केंद्र’ या तत्त्वावर होतं. बहुतेक केंद्रांना उमेदवारांची कमाल मर्यादा असते, नागपूरला ती नसते. शेवटच्या दिवशी अर्ज भरणाऱ्या नाशिककराची रेल्वे नागपूरला का जाते, ते यावरून कळेल.

कागदपत्रं, आणि आडनावाचा घोळ

जन्मतारखेसाठी यूपीएससी दहावीचं प्रमाणपत्र धरते, जन्मदाखला नाही. आपल्याकडे खरी अडचण नावाची. राज्य मंडळाच्या दहावीच्या कागदावर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुतेकदा स्वतःचं नाव आधी, आणि कित्येकदा वडिलांचं नावच नाही. मे २०२५ पासून यूपीएससीच्या नव्या पोर्टलवर खातं, कायमची नोंदणी, सामाईक अर्ज आणि मग परीक्षेचा अर्ज असे चार टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात गेलेली चूक पुढे प्रत्येक परीक्षेत सोबत येते. म्हणून नाव दहावीच्या कागदाप्रमाणे, अक्षर न् अक्षर तसंच भरा. तफावत असेल तर अर्ज भरण्याआधी आधार दुरुस्त करून घ्या. दहावीचं प्रमाणपत्र बदलून आणण्यापेक्षा ते कितीतरी सोपं जातं.

एसएसबीला जाताना दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रं आणि गुणपत्रिका, पदवी किंवा शेवटच्या वर्षाला असल्याचं महाविद्यालयाचं पत्र, फोटो ओळखपत्र, स्वसाक्षांकित प्रती आणि पासपोर्ट आकाराचे भरपूर फोटो सोबत हवेत. एनसीसी असेल तर त्याचं प्रमाणपत्रही.

लेखी निकालानंतर एक पायरी खूप जणांची सुटते. पहिली पसंती भूदल असेल तर निकालापासून दोन आठवड्यांच्या आत भूदलाच्या भरती संकेतस्थळावर वेगळी नोंदणी करावी लागते. ती केली नाही तर एसएसबीचं बोलावणंच येत नाही. यूपीएससीच्या यादीत नाव आहे म्हणून घरी पेढे वाटले जातात आणि तारीख उलटून जाते.

याच टप्प्यावर नाशिकमध्ये असण्याचा फायदा घ्या. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र नाशिक रोडला आहे आणि तिथे एसएसबीची तयारी निवास-भोजनासह मोफत करून घेतात. प्रवेशासाठी एनडीए किंवा सीडीएसची लेखी परीक्षा उत्तीर्ण असावी लागते. किंवा एनसीसीचं ‘सी’ प्रमाणपत्र ‘ए’ वा ‘बी’ श्रेणीत आणि ग्रुप मुख्यालयाची शिफारस. किंवा टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्स अथवा युनिव्हर्सिटी एंट्री या अभियांत्रिकीवाल्यांच्या थेट भरतीचं एसएसबी बोलावणं. आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचं, विभागाच्या संकेतस्थळावरून त्या कोर्सची तपासणी यादी आणि परिशिष्टं छापून पूर्ण भरून न्यायची. प्रत्येक कोर्सची परिशिष्टं वेगळी निघतात. मागच्या वेळची झेरॉक्स चालत नाही. अकरावीत जाणाऱ्या मुलींसाठी २०२३ पासून नाशिकमध्येच मुलींची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे.

अकादमीतली गुणवत्ता यादी

आत गेल्यावर एसएसबीचे गुण मागे पडतात. शाखेसाठी महत्त्वाची असते ती अकादमीची स्वतःची यादी, जिला छात्र नुसतं ‘मेरिट’ म्हणतात. तिच्यात अभ्यासाचे विषय, लष्करी विषय, शारीरिक चाचण्या, ड्रिल, शस्त्रप्रशिक्षण, डोंगरातले कॅम्प आणि प्रशिक्षकांनी केलेलं नेतृत्वगुणांचं मूल्यमापन असं सगळं येतं. मानाची तलवार सर्वांगीण कामगिरीसाठी असते, सुवर्णपदक मेरिटमध्ये पहिल्या आलेल्याला. दोन्ही एकालाच मिळतील असं नाही. बातम्यांमध्ये या दोन्हींची सर्रास गल्लत होते. एकाच दिवशी कमिशन (अधिकारीपद) मिळालेल्यांत ज्येष्ठ कोण, हेही याच यादीतून ठरतं.

मेरिट बिघडवणारी नेहमीची गोष्ट म्हणजे पायाच्या नडगीचं हाड, अभ्यास त्यामानाने कमी. धावून धावून हाडाला बारीक तडा जातो, छात्र दुखणं लपवतो, मग महिनाभर हलकी ड्युटी, त्यात चाचण्या बुडतात. चाचण्या पूर्ण झाल्या नाहीत तर रेलिगेशन, म्हणजे सहा महिने मागच्या कोर्ससोबत. नव्या कोर्सच्या रिक्त जागा वेगळ्या, स्पर्धकही वेगळे. एनडीएत जाताना २.४ किमी १५ मिनिटांत, किमान २० पुश-अप्स, २० सिट-अप्स आणि ८ चिन-अप्स इतकी तयारी सांगितलेली असते. ही सुरुवातीची पायरी आहे. घरूनच त्यापुढे गेलेला बरा, पण हळूहळू वाढवत.

शाखावाटपाचं गणित

शेवटच्या टर्ममध्ये छात्र शाखांचा पसंतीक्रम भरून देतो. मग चार गोष्टी एकत्र पाहिल्या जातात: मेरिट, पसंती, त्या कोर्ससाठी प्रत्येक शाखेला आलेल्या जागा, आणि वैद्यकीय श्रेणी. यात एक पाचवी गोष्ट आहे, जी बाहेर फारशी माहीत नसते. सगळे हुशार छात्र एकाच शाखेत जाऊ नयेत म्हणून यादीचे वरचा, मधला आणि खालचा असे भाग पाडून प्रत्येक शाखेच्या जागा त्यांत वाटल्या जातात.

कल्पित आकड्यांनी पाहू. कोर्स ३०० छात्रांचा, इंजिनिअर्सच्या जागा ३०. तीन भाग प्रत्येकी १०० छात्रांचे, तेव्हा प्रत्येक भागाला इंजिनिअर्सच्या १० जागा. वरच्या भागात पहिली पसंती इंजिनिअर्स असलेले २० जण असतील तर कदाचित ६० व्या क्रमांकापर्यंतच दहा जागा संपतील. ९५ व्या क्रमांकाच्या छात्राला इंजिनिअर्स मिळणार नाही. १०४ व्या क्रमांकाचा छात्र मधल्या भागात वर आहे, त्याला मिळेल. ‘माझा नंबर वर असून त्याला मिळालं’ ही तक्रार इथूनच येते, आणि नियमाप्रमाणे ती चूक असते. म्हणून पहिला पर्याय मनासारखा लिहावा, पण दुसरा-तिसरा लिहिताना आपण आपल्या भागात कुठे आहोत ते पाहावं. भागाच्या तळाशी असलेल्याने पहिले तिन्ही पर्याय सगळ्यांना हव्या असलेल्या शाखांचे लिहिले तर उरलेलं पदरात पडतं.

वैद्यकीय श्रेणी ‘शेप’ या पाच घटकांवर ठरते: मानसिक स्थिती, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता, दृष्टी. पाचही ठिकाणी ‘एक’ असेल तर शेप-वन. ती घसरली तर लढाऊ शाखांऐवजी सहसा पुरवठा, आयुध किंवा ईएमई (उपकरणांची दुरुस्ती-देखभाल) यांसारख्या सेवांकडे नाव जातं.

वडील ज्या रेजिमेंटमध्ये होते तिथे जायचा दावा करता येतो. माजी सैनिकांच्या घरांत त्यावर फार भिस्त असते. वडिलांच्या युनिटचं नेमकं नाव आणि सेवेचा तपशील हाताशी ठेवा. मात्र ती शाखाच वाट्याला आली नाही तर दाव्याचा उपयोग होत नाही. पायदळ मिळालेल्यांना पुढे रेजिमेंटचा पसंतीक्रमही भरावा लागतो. मराठा लाइट इन्फंट्री किंवा महार तिथे लिहायची, आधी नाही.

मुलींसाठी पायदळ, चिलखती दल आणि यांत्रिक पायदळ खुलं नाही. तोफखाना खुला झाला आणि २९ एप्रिल २०२३ रोजी चेन्नईच्या ओटीएतून पहिल्या पाच महिला अधिकारी त्यात दाखल झाल्या.

नौदल आणि हवाई दलात रीत वेगळी आहे. हवाई दलात उड्डाण की ग्राउंड हे आधीच ठरलेलं असतं. लढाऊ विमान, मालवाहू की हेलिकॉप्टर हे सुरुवातीच्या उड्डाण प्रशिक्षणातल्या कामगिरीवर ठरतं.

शाखा मिळाल्यावर

खांद्यावर तारे लागल्यानंतर प्रत्येक जण आपल्या शाखेच्या यंग ऑफिसर्स कोर्सला जातो. तोफखान्याचा देवळालीच्या स्कूल ऑफ आर्टिलरीत, चिलखती दलाचा अहिल्यानगरला, इंजिनिअर्सचा पुण्यात सीएमईत (लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय), पायदळ आणि सिग्नल्सचा महूला, एअर डिफेन्सचा (हवाई संरक्षण) ओडिशातल्या गोपाळपूरला. म्हणजे आर्टिलरी हवी म्हणून देवळालीत चौकशी करून काही हाती लागत नाही. तिथे येतात ते शाखा ठरलेले अधिकारी.

हेलिकॉप्टर उडवायचं म्हणून भूदल निवडणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की आर्मी एव्हिएशनचे बरेच वैमानिक आधी दुसऱ्या शाखेत कमिशन घेऊन मग येतात. अभिलाषा बराक २०१८ मध्ये एअर डिफेन्समध्ये दाखल झाल्या आणि मे २०२२ मध्ये नाशिकच्याच आर्मी एव्हिएशन प्रशिक्षण केंद्रातून भूदलाच्या पहिल्या महिला लढाऊ हेलिकॉप्टर वैमानिक म्हणून बाहेर पडल्या. डोळ्यांसमोर तीच वाट असेल तर शाखावाटपात एव्हिएशन हुकलं म्हणून ती बंद होत नाही. नजर आणि शेप-वन मात्र तोवर टिकवावी लागते.