कोबीवर्गीय पिके व कवकमूल

कवक आणि वनस्पतीचे मूळ यांच्या सहजीवनास कवकमूल म्हणतात. शेतकऱ्यांत ते मायकोरायझा किंवा व्हॅम म्हणून ओळखले जाते. मायकोरायझा ही संज्ञा जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट फ्रांक यांनी १८८५ मध्ये योजली. बहुसंख्य भूवनस्पतींत हे सहजीवन आढळते. कवक मातीतील स्फुरद (फॉस्फरस) मुळापर्यंत आणते व मोबदल्यात शर्करा आणि मेद घेते. कोबी, फुलकोबी, नवलकोल, मुळा, मोहरी व अळीव ज्या मोहरी कुलातील आहेत, ते कुल मात्र याला ठळक अपवाद आहे. पालक-बीटचा गटही बव्हंशी असाच.

अपवादाचे कारण वादग्रस्त आहे. जुन्या मतानुसार दोष मोहरीच्या झणझणीतपणाचा: पेशी चिरडल्या की मायरोसिनेज विकरामुळे (एन्झाइममुळे) ग्लुकोसिनोलेट या गंधकयुक्त संयुगांपासून आयसोथायोसायनेट ही झणझणीत द्रव्ये बनतात व ती कवकांना मारक ठरतात. पण पपईतही ग्लुकोसिनोलेट असते आणि पपईच्या मुळांत कवकमूल उत्तम वाढते. त्यामुळे हे स्पष्टीकरण एकट्याने पुरेसे वाटत नाही. वनस्पतींच्या जीनोमांच्या (संपूर्ण जनुकसंचांच्या) तुलनेतून, विशेषतः २०१४ च्या सुमारास, वेगळे चित्र पुढे आले. सहजीवनाचा संदेश मुळाच्या पेशीत पोहोचवणारी सीसीएएमके व सायक्लॉप्स यांसारखी जनुके या कुलात उरलेलीच नाहीत. हा लोप पपईच्या शाखेपासून फारकत झाल्यानंतर केव्हातरी झाला असावा. जनुकलोप हे मुख्य कारण व रसायने दुय्यम, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

शेजारी यजमान पीक (कवकमूल धरणारे) असल्यास मोहरीवर्गीय मुळांत कवकतंतू, क्वचित पुटिकाही (कवकाच्या साठवणीच्या फुगीर पिशव्या) दिसतात. तथापि देवघेव जिथे होते त्या झुडुपासारख्या रचना, म्हणजे आर्बस्क्यूल, फार विरळा. नुसते तंतू दिसले म्हणून सहजीवन सिद्ध होत नाही. म्हणून कोबीच्या रोपवाटिकेत व्हॅमवर केलेल्या खर्चातून लाभाची अपेक्षा धरता येत नाही. उलट, मोहरीवर्गीय पिकानंतर जमिनीतील ही कवके घटू शकतात. त्यानंतर घेतलेल्या मक्यात सुरुवातीला स्फुरदाची उणीव दिसल्याच्या नोंदी आहेत.

इतर कवके मात्र या पिकांना साथ देतात. राजस्थानच्या थर वाळवंटातील मातीतून मिळालेले व १९९८ मध्ये वर्णिलेले पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका (आताचे सेरेंडिपिटा इंडिका) चिनी कोबीच्या मुळांत राहून वाढीस मदत करते. अ‍ॅराबिडॉप्सिस या मोहरी कुलातील प्रायोगिक वनस्पतीत, स्फुरद अपुरे असताना, कोलेटोट्रायकम टोफिल्डिई हे कवक ते पुरवते, असे २०१६ मध्ये दाखवले गेले. रोपांच्या मरीवर वापरले जाणारे ट्रायकोडर्माही कवकमूल नव्हे; त्याचा उपयोग मुख्यतः रोगकारक कवकांना आवर घालण्यासाठी होतो.