शाळा उघडताना मुलांचं मन सांभाळणं (गोवा)

नवीन वर्षात मूल शाळेत हजर झालं म्हणजे ते रुळलं असं नसतं. रुळायला तीन-चार आठवडे लागतात, कुणाला जास्तच, आणि त्या दिवसांत शिक्षक, घरचे, काउन्सेलर आणि वर्गातली बाकीची मुलं मिळून त्याला जो आधार देतात त्याबद्दल ही नोंद आहे. सरकारी परिपत्रकात ह्याला 'मानसिक आरोग्य', 'विद्यार्थी कल्याण' वगैरे म्हणतात. गोव्यात ह्या गोष्टीला इथलेच काही पदर आहेत, जूनचा पाऊस, आता आलेलं एप्रिलचं वेळापत्रक, आणि सगळ्यात मोठा म्हणजे पाचवीत बदलणारं माध्यम, ज्याबद्दल माझ्या मते फार कमी बोललं जातं.

शाळा कधी उघडते

गोव्यात वर्षानुवर्षं शाळा जूनच्या पहिल्या आठवड्यात उघडायच्या आणि मान्सूनही साधारण त्याच दिवसांत येतो, त्यामुळे इथल्या कुणालाही शाळेचा पहिला दिवस आठवायला सांगा, पाऊस येणारच त्यात. नवीन रेनकोटचा वास, बालरथच्या, म्हणजे शाळेच्या बसच्या, काचांवरची वाफ, ओले सॉक्स. ऐकायला छान वाटतं पण सहा वर्षांचं मूल भिजलेल्या युनिफॉर्ममध्ये सकाळी आठ वाजता बाकावर बसतं तेव्हा त्याचं अर्ध लक्ष थंडीकडे असतं आणि ते बाईंना सांगत नाही, कारण बाई अजून ओळखीच्या नाहीत. सत्तरी तालुक्यातल्या एका छोट्या प्राथमिक शाळेत मी बघितलंय, व्हरांड्यात रेनकोट टांगायला दोरी बांधलेली आणि कपाटात तीन-चार जुने पण धुतलेले युनिफॉर्म नि एक टॉवेल ठेवलेला. बाई पहिल्या तासाला काही शिकवायच्याच नाहीत, आधी सगळ्यांची डोकी पुसायची, मग हजेरी. मला विचाराल तर मन सांभाळण्याचं काम तिथूनच सुरू होतं.

२०२५ च्या एप्रिलमध्ये सहावी ते दहावी आणि बारावीचं वर्ष जूनऐवजी एप्रिलमध्येच सुरू झालं, नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे वर्षाचे तास भरून काढायचे म्हणून. उकाडा, पंख्यांची अवस्था, बुडालेली सुट्टी ह्यावरून पालकांनी बराच विरोध केला, प्रकरण हायकोर्टाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेलं. वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते ती म्हणजे मूल आता दोनदा सुरुवात करतं, एप्रिलमध्ये थोडं रुळतं, मे महिन्यात सुट्टी, आणि जूनमध्ये परत पहिल्यापासून. शिक्षक मात्र जूनमध्ये धडा पुढे चालू करतात कारण कागदावर वर्ष कधीच सुरू झालेलं असतं. जूनचे पहिले दोन-तीन दिवस तरी मोकळे ठेवायला हवेत असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिलीतलं रडणं

पहिलीत किंवा बालवाडीत आलेलं मूल दारात रडतं ते आईपासून दूर जायच्या भीतीने, आणि बहुतेकांचं हे रडणं काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. घरच्यांकडून एक चूक हमखास होते, मूल खेळात रमलं की आई मागच्या मागे सटकते. मुलाला मान वर केल्यावर आई दिसत नाही आणि दुसऱ्या दिवशी ते तिचा पदर सोडतच नाही. त्यापेक्षा 'मी आता जाते, जेवणानंतर न्यायला येते' असं सांगून, एकदा कुशीत घेऊन निघायचं, आणि सांगितलेल्या वेळेला खरंच यायचं. पाच मिनिटं उशीर आपल्याला काही वाटत नाही, फाटकाकडे डोळे लावून बसलेल्याला वाटतो.

एनसीईआरटीने २०२१ मध्ये 'विद्याप्रवेश' नावाचा तीन महिन्यांचा कार्यक्रम पहिलीसाठी आणला, त्यात सुरुवातीचे १२ आठवडे खेळ, गाणी, गोष्टी ह्यांतूनच शिकायचं आहे. चांगली गोष्ट आहे. पण पालकांचा दबाव असतो, जुलै उजाडला तरी वहीत काहीच कसं नाही म्हणून, आणि मग बाईसुद्धा घाईघाईने अक्षरं गिरवायला लावतात. मारण्याबद्दल तर बोलायलाच नको, ते कायद्याने बंद आहे, गोव्याच्या २००३ च्या बाल कायद्यात शाळेतल्या शारीरिक शिक्षेला मनाई आहे आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये मारहाणीबरोबर मानसिक छळालाही. म्हणजे सगळ्यांसमोर 'तुझ्या डोक्यात काही जात नाही' म्हणणं हेसुद्धा त्यातच आलं.

पाचवी

आता मुख्य गोष्ट. पोर्तुगीजांपासून मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगावी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या, १९९० मध्ये प्राथमिकचं अनुदान मराठी-कोकणी शाळांपुरतं ठेवलं गेलं, २०११ मध्ये इंग्रजीलाही ते मिळालं आणि त्यावर मोठं आंदोलन झालं. हा सगळा इतिहास लोकांना पाठ आहे. पण चौथी झाल्यावर ह्या मुलांचं काय होतं हे वादात मागे पडतं. गोव्यात चौथीपर्यंत मराठीतून शिकलेलं मूल पाचवीत हायस्कूलला जातं आणि तिथे बहुतेक ठिकाणी सगळे विषय इंग्रजीतून. शाळा नवीन, बस नवीन, प्रत्येक तासाला वेगळे टीचर, आणि भाषाही नवीन, हे सगळं एकाच सकाळी.

वाळपईकडच्या गावातल्या एका मुलीला मी पाचवीच्या पहिल्या दिवशी जवळून पाहिलं. टीचर म्हणाल्या 'टेक आउट युवर डायरी', आणि ती हलली नाही, आधी शेजारणीच्या हातांकडे बघितलं, शेजारणीने काय काढलं ते बघून मग स्वतःच्या बॅगेत हात घातला. दिवसभर तसंच चाललं होतं. गणिताच्या तासाला फळ्यावर साधा भागाकार होता, चौथीत ती हे झटक्यात करायची, पण 'डिव्हाइड' ऐकून गप्प बसली. शिक्षकाने 'येतं का?' विचारलं तर मान खाली. वर्गात पन्नासेक मुलं असली तर अशी गप्प मुलगी कुणालाच त्रास देत नाही, आणि पहिल्या टेस्टनंतर तिच्या नावापुढे 'कच्ची' असा शिक्का बसतो. ती कच्ची नव्हती हो, तिला प्रश्नच समजला नव्हता.

त्यात ह्यातली बरीच मुलं घरी कोकणी बोलतात, शाळेत मराठी शिकली आणि आता इंग्रजी, आणि झुवारीनगर किंवा म्हापशासारख्या भागात कन्नड, हिंदी, लमाणी घरातून आलेली मुलंही असतात, म्हणजे त्यांची चौथी भाषा. ह्यावर उपाय फार महागडे नाहीत. पहिला महिना टीचरने सूचना दोन्ही भाषांत द्यायच्या, 'फ्रॅक्शन म्हणजे अपूर्णांक' अशी जोडी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायची, उत्तर मराठीत किंवा कोकणीत दिलं तरी चालेल असं उघड सांगायचं, आणि हजेरीपुस्तकात कोण कुठल्या माध्यमातून आलंय हे नुसतं टिपून ठेवायचं. काही हायस्कूल जूनमध्ये ब्रिज कोर्स, म्हणजे नव्या माध्यमाशी जुळवून घ्यायचे वर्ग, घेतात. तो चांगलाच, पण शाळा सुटल्यावर जादा तास म्हणून ठेवला तर गावाकडच्या मुलांची बस चुकते आणि ज्यांना गरज तीच गैरहजर. सहावी-सातवीपर्यंत बहुतेक मुलं सावरतात हे खरंय, पण मधल्या दोन वर्षांत 'मला येत नाही' हे मनात एकदा बसलं की ते काढायला फार वेळ लागतो.

अकरावीलाही असाच एक उंबरा असतो, गावातलं हायस्कूल सोडून पणजी, म्हापसा, मडगावच्या हायर सेकंडरीत जाणं, पण तोपर्यंत मुलं मोठी झालेली असतात, निदान बोलून दाखवतात.

पोट दुखतं तेव्हा

'म्हजें पोट दुखता' हे वाक्य जून-जुलैत सोमवारी सकाळी घरोघरी ऐकू येतं. हे नाटक नसतं, घाबरलेल्या मुलाचं पोट खरंच दुखतं, डोकंही दुखतं. डॉक्टरला एकदा दाखवून घ्यावं. रविवारी खेळताना काही नाही आणि शाळेच्या दिवशी सकाळीच दुखतं असं वारंवार झालं तर पोटापेक्षा शाळेत काय चाललंय ते विचारायला हवं, 'शाळेत काय शिकवलं' असं न विचारता 'डबा कुणाबरोबर खाल्लास?' असं विचारलं की बरंच कळतं. झोपेचाही संबंध असतो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रात्री ९ ते १२ तास झोप लागते आणि सुट्टीत अकराला झोपायची सवय लागलेली असते, तेव्हा शाळा उघडायच्या आठवडाभर आधीपासून रोज थोडं लवकर झोपवावं. मुलाला घरी ठेवत राहिलं तर भीती वाढते. दोन-तीन आठवडे उलटले तरी शाळेला जायला तयार नाही, खाणं कमी झालंय, एकटं बसतंय असं दिसलं तर मदत घ्यायलाच हवी.

कुणाकडे जायचं

गोव्यात गोवा शिक्षण विकास महामंडळातर्फे शाळांना काउन्सेलर मिळतात, पण एकाच काउन्सेलरकडे अनेक शाळा असतात, त्यामुळे तो किंवा ती आपल्या शाळेत कुठल्या वारी येते हे पालक-शिक्षक संघाच्या (पीटीए) पहिल्याच मीटिंगमध्ये विचारून ठेवावं. बांबोळीला मनोविकार आणि मानवी वर्तणूक संस्था हे सरकारी मनोरुग्णालय आहे, लोक आयपीएचबी म्हणतात. त्या नावाला घाबरून पालक तिकडे जात नाहीत, आणि ह्या संकोचात मुलाचे महिने वाया जातात याचं मला खरंच वाईट वाटतं. फोनवर बोलायचं तर टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६, २०२२ पासून चोवीस तास मोफत आहे, आणि मूल संकटात असेल तर मुलांची हेल्पलाइन १०९८.

१९९६ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या 'संगाथ' संस्थेचं एक काम इथे सांगायलाच हवं. 'सेहेर' नावाचा हा प्रयोग बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ माध्यमिक शाळांत झाला. काही शाळांत तयारी करून घेतलेले साधे कार्यकर्ते काउन्सेलर म्हणून बसवले आणि काहींत तेच काम शिक्षकांना दिलं. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निकालात कार्यकर्ते असलेल्या शाळांतलं वातावरण चांगलंच सुधारलं, मुलांमधली निराशा आणि दादागिरी कमी झाली, शिक्षकांना काम दिलेल्या शाळांत तसा फरक दिसला नाही. शिक्षकांना मनच नाही असा अर्थ कुणी काढू नये, त्यांच्या डोक्यावर आधीच शिकवणं, पेपर, सर्व्हे, निवडणुकीची कामं असतात. मुलाचं ऐकून घ्यायला हातात वेळ असलेलं माणूस शाळेत लागतं, एवढं त्यातून दिसतं.

गणेश चवथीपर्यंत

गोव्यात शाळेच्या वर्षातला पहिला मोठा थांबा म्हणजे गणेश चतुर्थीची सुट्टी. तोपर्यंत वर्गात कुणाचं कुणाशी जमतं, कोण मधल्या सुट्टीत पावभाजीची प्लेट घेऊन एकटंच पायरीवर बसतं हे लक्ष देणाऱ्या टीचरला कळलेलं असतं. सुट्टीनंतर शाळा परत उघडते तेव्हा पहिलीतली काही मुलं पुन्हा दोन-तीन दिवस दारात रडतात, घरी पाहुणे, माटोळी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची सजावट), फटाके असं सगळं सोडून आलेली असतात. तेव्हाही जूनसारखंच करायचं, कधी न्यायला येणार ते सांगायचं आणि त्या वेळेला यायचं.