तुकड्यावरचा तपकिरी रंग

अन्ननलिकेच्या कॅन्सरची पहिली खूण आपल्या सोलापुरात जेवणाच्या ताटात दिसते. जन्मभर कडक भाकरी शेंगाचटणीबरोबर कुरुमकुरुम खाणारी बाई एक दिवस ती आमटीत चुरून, भिजवून खायला लागते. घरच्यांना वाटतं, दात गेले. मग भात अडकतो, पुढे पेजही उतरेनाशी होते. तेव्हा कुठे दुर्बिणीची तपासणी होते आणि गाठीचा काढलेला तुकडा माझ्या, म्हणजे पॅथॉलॉजिस्टच्या, टेबलावर येतो.

रिपोर्ट हातात पडला की नातेवाईक विचारतात, "मॅडम, ती मार्करची टेस्ट केली का?" मार्कर म्हणजे कॅन्सरची खूण, आणि त्यांच्या मनात रक्ताची तपासणी असते. पण या कॅन्सरचं निदान करील अशी भरवशाची खूण रक्तात सापडत नाही. उपचार ठरवायला मदत करणाऱ्या खुणा शोधायच्या त्या गाठीच्या पेशींवरच.

त्यातली एक खूण समजून घ्यायला उंदराच्या लाळग्रंथीकडे जावं लागतं. स्टॅनली कोहेन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी या ग्रंथीचा अर्क उंदराच्या नवजात पिल्लांना टोचला. पिल्लांचे डोळे एरवी दोन आठवड्यांनी उघडतात, ते आठवड्याभरातच उघडले. त्या अर्कात पेशींना वाढायला सांगणारं एक प्रथिन होतं. त्याला नाव मिळालं ईजीएफ, आणि १९८६ साली कोहेन यांना रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यासोबत नोबेल मिळालं. हेच प्रथिन आपल्या लाळेतही असतं. अन्ननलिकेचं अस्तर चहाने पोळतं, घासानं खरचटतं. ते भरून काढायला प्रत्येक घोटाबरोबर थोडं ईजीएफ खाली जातं. मला ही शरीराची फार सुंदर व्यवस्था वाटते.

जुन्या गिरणीचा भोंगा ज्यांनी ऐकलाय त्यांना पुढचं सोपं जाईल. ईजीएफ म्हणजे भोंगा. पेशीच्या पृष्ठभागावर तो ऐकणारे कान असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. ईजीएफ चिकटला की दोन रिसेप्टर जोडी करतात, त्यांची पेशीच्या आतली टोकं चेतवली जातात आणि निरोप केंद्रकापर्यंत जातो: विभाजन सुरू करा. निरोगी अस्तरात हे कान मुख्यतः तळाच्या थरात असतात. कॅन्सरच्या पेशी मात्र ते बेसुमार बनवू शकतात, मग दूरची कुजबुजही त्यांना भोंग्यासारखी ऐकू येते. याच घराण्यातला हर-टू नावाचा रिसेप्टर तर आणखी वेगळा. त्याला भोंग्याची वाटच पाहावी लागत नाही, तो जोडी करायला कायम तयार.

हे कान आम्ही रंगवून बघतो. मेणात बसवलेल्या तुकड्याचा तीन-चार मायक्रॉन जाडीचा काप काचेवर घ्यायचा, त्यावर त्या रिसेप्टरलाच चिकटणारी अँटिबॉडी सोडायची, मग रंग. रिसेप्टर भरपूर असले की प्रत्येक पेशीच्या कडेने गडद तपकिरी रेघ उमटते आणि सगळा काप मधाच्या पोळ्यासारखा दिसतो.

पण गडद रंग दिसला की औषध लागू पडणार, असं मात्र नाही. इथे माझं मत ठाम आहे: मार्करच्या आधी कॅन्सरचा प्रकार विचारा. आपल्याकडे जास्त दिसतो तो स्क्वॅमस प्रकार, अस्तराच्या चपट्या पेशींचा. तंबाखू, मिश्री, विडी आणि दारू ही त्याची ओळखीची कारणं. त्यात ईजीएफआर, म्हणजे ईजीएफचा रिसेप्टर, बऱ्याचदा वाढलेला असतो. म्हणून तो अडवणारी औषधं वापरून पाहिली गेली. ब्रिटनमधल्या स्कोप-वन चाचणीत किमो आणि रेडिएशनला सेटुक्सिमॅब या औषधाची जोड दिली. २०१३ साली निकाल आला, आणि हे औषध मिळालेले रुग्ण उलट कमी जगले होते. जेफिटिनिब या दुसऱ्या औषधाच्या चाचणीतही एकूण आयुष्य वाढलं नाही. पुढे त्याच रुग्णांचे तुकडे पुन्हा तपासले, तेव्हा ज्यांच्या पेशींत ईजीएफआर जनुकाच्या प्रतीच वाढल्या होत्या अशा थोड्यांना फायदा झालेला दिसला. रंग कान किती ते सांगतो. पेशीचा जीव त्या कानांवरच अवलंबून आहे का, हे त्यावरून कळत नाही.

हर-टूची गोष्ट वेगळी. तो महत्त्वाचा ठरतो अ‍ॅडिनोकार्सिनोमात, म्हणजे अन्ननलिका जठराला मिळते तिथल्या ग्रंथींसारख्या पेशींच्या कॅन्सरमध्ये. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या टोगा चाचणीत जठराच्या आणि या सांध्याच्या, पुढच्या टप्प्यातल्या, हर-टू पॉझिटिव्ह (म्हणजे हर-टू वाढलेल्या) कॅन्सरचे रुग्ण होते. किमोसोबत ट्रास्टुझुमॅब हे हर-टू अडवणारं औषध दिल्यावर त्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ११.१ महिन्यांवरून १३.८ महिन्यांवर गेलं. आकडा लहान दिसतो, पण त्या घरात जाऊन पाहिलं की अडीच-पावणेतीन महिने म्हणजे काय ते कळतं. इथे रंगाला ० ते ३ गुण देतात. ३ म्हणजे पॉझिटिव्ह, २ म्हणजे जनुकाच्या प्रती मोजणारी फिश तपासणी करायची. स्क्वॅमस प्रकारात सध्या जास्त उपयोगी पडतो तो पीडी-एल-वन हा पेशींवरचा दुसरा मार्कर, इम्युनोथेरपी म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढवणारे उपचार ठरवताना.

ही सगळी उत्तरं त्या तिळाएवढ्या तुकड्यांतून काढायची असतात. हर-टू गाठीत सगळीकडे सारखा नसतो, म्हणून दुर्बीण घालतानाच सहा-आठ तुकडे घेतलेले बरे. ते लगेच फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात, पडायला हवेत. आणि पुढच्या उपचाराला बार्शी, पुणे किंवा मुंबईला निघालात तर रिपोर्टसोबत लॅबमधून तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉकही मागून घ्या. तिथे नवी टेस्ट लागली तर त्याच ब्लॉकचा काप चालतो, पेशंटला पुन्हा दुर्बिणीखाली झोपावं लागत नाही.