टाकीत उतरले की उतरवले?

‘सेप्टिक टँक साफ करताना गुदमरून कामगारांचा मृत्यू.’ हा मथळा पुन्हा पुन्हा येतो, फक्त गावाचं नाव बदलतं. खाली मजकूर असतो: एक जण आत उतरला, त्याला वाचवायला दुसरा उतरला, विषारी वायूने दोघांचा बळी घेतला. यातलं एकही वाक्य खोटं नाही. तरीही कामाला लावणारा माणूस बातमीतून निसटलेला असतो, आणि त्याला वाट करून देतं ते व्याकरण.

मराठीत क्रियापदांच्या जोड्या आहेत: फुटणे-फोडणे, पडणे-पाडणे, जळणे-जाळणे, मरणे-मारणे. पहिल्या रूपात गोष्ट आपसूक घडते, दुसऱ्याला करणारा लागतो. भूतकाळात त्याला ‘ने’ चिकटतो: ‘बंड्याने काच फोडली.’ (‘मी’ आणि ‘तू’ला हा ‘ने’ लागत नाही, पण त्यात शिरलो तर लेख तिथेच संपेल.) मधली पळवाटही आहे: ‘बंड्याच्या हातून काच फुटली.’ माणूस हजर, हेतू गायब. आणि मग प्रयोजक रूप, म्हणजे दुसऱ्याला करायला लावण्याचं: उतरणे-उतरवणे. ‘कामगार टाकीत उतरले’ म्हटलं की कर्ते तेच, जणू स्वतःच्या मर्जीने गेले. ‘कामगारांना टाकीत उतरवलं’ म्हटलं की ते कर्म होतात, कर्त्याची जागा रिकामी दिसते आणि वाचक विचारतो, कोणी? बातमीत ही रिकामी जागाच ठेवलेली नसते. एकुलता एक ‘ने’ मिळतो तो हायड्रोजन सल्फाइडसारख्या वायूला.

वाचकाच्या न्यायबुद्धीवर याचा परिणाम होतो का? केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडित्स्की या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत हे तपासलं. निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. 2004 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यातल्या कार्यक्रमात, गायक जस्टिन टिंबरलेकच्या हातून गायिका जॅनेट जॅक्सनचा पोशाख फाटला होता. तो व्हिडिओ सगळ्यांना दाखवला. सोबतच्या वृत्तान्तात फरक एवढाच, की काहींना ‘त्याने पोशाख फाडला’ आणि काहींना ‘पोशाख फाटला’ असं वाचायला दिलं. ‘फाडला’ वाचणाऱ्यांनी टिंबरलेकला 53 टक्के जास्त दंड सुचवला. डोळ्यांनी पाहूनसुद्धा!

शब्दांच्या ‘कंपनांनी’ पाण्याचे स्फटिक बदलतात, हे व्हॉट्सअ‍ॅपवरचं विज्ञान मात्र इथे आणू नका. इथे कंपनं नाहीत. दोष वाटताना आपण कर्ता शोधतो, आणि वाक्यात जो सापडेल त्याच्या पदरात तो टाकतो.

हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने ही गफलत केलेली नाही. कोणतीही व्यक्ती, स्थानिक संस्था किंवा एजन्सी माणसाला गटार वा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईला थेट किंवा आडून लावू शकत नाही, असं त्याचं सातवं कलम सांगतं. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे गुन्हा ‘लावण्याचा’ आहे, उतरण्याचा नाही. अशा बातमीखाली ‘पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली’ एवढंच आलं, तर वार्ताहराने पुढचा प्रश्न विचारायला हवा: या कायद्याचं कलम लावलं का, आणि कोणावर?