‘ग्रीन झोनचं आरक्षण’ अशी चीज नसते

गेल्या महिन्यात आतेभावाचा फोन आला. ‘‘दादा, आपल्या जागेवर ग्रीन झोनचं आरक्षण पडलंय. दहा वर्षं झाली की आपोआप उठतं म्हणे.’’ एका दमात दोन चुका. आणि ह्याच दोन चुका मी लग्नाच्या पंगतीपासून प्लॉट एजंटच्या टेबलापर्यंत सगळीकडे ऐकत आलोय.

झोन सगळ्यांना माहीत असतो. विकास आराखड्यात, म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरायची ते दाखवणाऱ्या नकाशात, रहिवास पिवळा, शेती हिरवी, उद्योग जांभळा. कुठे काय चालेल, ते त्यावरून ठरतं. आरक्षण म्हणजे बाग, शाळा, मंडई, दवाखाना, डीपी रोड (आराखड्यातला रस्ता) अशा सार्वजनिक कामासाठी नेमून ठेवलेला ठरावीक तुकडा. नकाशावर त्याला हद्द असते, क्रमांक असतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 मध्ये या दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्यात. बागेचं आरक्षणही नकाशात हिरवं दिसतं, तिथूनच घोळ सुरू होतो.

सातबारा दोन्हींत तुमच्याच नावावर राहतो, त्यामुळे ‘‘सातबाऱ्यावर माझं नाव आहे ना, मग झालं’’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. झोन दाखला, म्हणजे जागेचा झोन आणि आरक्षण सांगणारा कागद, काढा म्हणतो आणि चहा मागवतो.

खरी मेख पुढे आहे. झोन म्हणतो, ‘जागा तुमची, तुमच्याकडेच राहील, पण इथे इतकंच करा.’ आरक्षण म्हणतं, ‘जागा तुमची, पण ती आम्हाला लागणार आहे.’ पहिल्यात तुमच्याकडून काही घेतलं जात नाही, म्हणून मोबदलाही नाही. शेती झोनमध्ये इमारत बांधता येत नाही म्हणून पालिकेकडे भरपाई मागायला जाल, तर हात हलवत परत याल. दुसऱ्यात मात्र घेणाऱ्याला किंमत मोजावी लागते. याच अधिनियमाचं कलम 126 त्यासाठी तीन वाटा देतं: बोलणी करून खरेदी, टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआय (जागेवर बांधकामाची जादा मुभा), नाहीतर रीतसर भूसंपादन. मालमत्तेचा हक्क 44व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून गेला हे खरं, पण घटनेतला अनुच्छेद 300-अ शिल्लक आहे. कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची जागा काढून घेता येत नाही.

आणि जागा घेणार म्हणून ती जन्मभर अडकवून ठेवता येत नाही, यासाठी कलम 127 आहे. लोकांना यातले फक्त ‘दहा वर्षं’ हे दोन शब्द पाठ असतात. ही दहा वर्षं अंतिम आराखडा अमलात आल्यापासून मोजायची, प्रारूप छापून आल्यापासून नव्हे. ती भरली तरी आरक्षण आपोआप जात नाही. मालकाने मालकीच्या कागदांसह नोटीस द्यायची, लोक तिला खरेदी सूचना म्हणतात. त्यानंतर 24 महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्याची पावलंही पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत, म्हणजे संपलं. ही मुदत पूर्वी सहा महिन्यांची होती. ती वाढवत नेणं मला अजिबात पटलेलं नाही, पण ते असो. ‘पावलं’ म्हणजे काय यावर वर्षानुवर्षं भांडणं झाली. 2007 मध्ये गिरनार ट्रेडर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ठराव करून प्रस्ताव सरकारकडे पाठवला एवढ्याला पाऊल म्हणत नाहीत.

नोटीस न देता बसून राहणाऱ्यांसाठी एक वाईट बातमी. मधल्या काळात सुधारित आराखडा आला आणि त्यात तेच आरक्षण कायम राहिलं, तर दहा वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायची, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय.

समजा, आरक्षण गेलं. पेढे वाटायच्या आधी कलम 127 च्या पहिल्या उपकलमाचं शेवटचं वाक्य वाचा. शेजारच्या जमिनीला आराखड्यात जे चालतं, तेच आता तुम्हालाही चालेल. शेजारी शेती झोन असेल, तर तुमच्या वाट्याला शेतीच. आरक्षण उठतं, झोन तिथेच असतो. ‘‘आरक्षण उठणार आहे, आत्ताच घेऊन टाका’’ म्हणणारा एजंट हे वाक्य कधीच वाचून दाखवत नाही.

पुण्याच्या टेकड्यांनी तर लोकांची पार दमछाक केली. डोंगरमाथा-डोंगरउतार हा झोन. महापालिकेत समाविष्ट झालेल्या 23 गावांतल्या टेकड्यांवरचं बीडीपी, म्हणजे जैवविविधता उद्यान, हे मात्र आरक्षण. झोनवाल्याला मोबदल्याचा प्रश्नच विचारता येत नाही. बीडीपीवाल्याला सरकारने 8 टक्के टीडीआर देऊ केला आणि तो पुरेसा आहे का, यावर तो भांडू तरी शकतो. टेकड्या मोकळ्या राहाव्यात असं मलाही वाटतं. पण शहराला हवा हवी आणि बिल एकट्या मालकाने भरायचं, हे नको.

आतेभावाला अखेर झोन दाखला काढायला लावला. कागद आला. ‘विभाग: शेती’, आणि खाली आरक्षणाच्या रकान्यात ‘निरंक’. तोवर त्याने कुणाला तरी पैसे देऊन खरेदी सूचनेचा मसुदा करून घेतला होता. दोन पानी, टाइप केलेला, आरक्षण क्रमांकाची जागा कोरी.