बिघडलेल्या मडक्यांची साक्ष

एखाद्या गावात जुनी खापरं सापडली, म्हणून तिथे कुंभार राहत होते असं लगेच म्हणता येत नाही. मडकी बाहेरून विकतही आणली जातात. पण भट्टीत वाकडं झालेलं, तडकलेलं किंवा शेजारच्या भांड्याला चिकटून बसलेलं मडकं कोण विकत घेणार? ते भट्टीजवळच फेकलं जातं. त्यामुळे भांडी कुठे घडली हे शोधताना अखंड सुरईपेक्षा हा वाया गेलेला माल जास्त कामाचा.

इंग्लंडमधल्या लिंकनशायर परगण्यातल्या स्टॅमफर्ड गावात १९७०च्या दशकात नॉर्मन किल्ल्याच्या जागी उत्खनन झालं, तेव्हा किल्ल्याहूनही जुनी भट्टी निघाली. ती नवव्या शतकाच्या अखेरीची. अशा भट्ट्यांचा काळ काढायची एक झकास रीत आहे. मातीतले लोहकण तापून थंड होताना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची त्या वेळची दिशा धरून ठेवतात. ही दिशा शतकागणिक सरकत असते आणि भट्टी जागची हलत नाही, त्यामुळे शेवटचा जाळ साधारण कधी लागला ते कळतं.

रोमन गेल्यावर ब्रिटनमध्ये वेगाने फिरणारं चाक आणि झिलई, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा चकचकीत थर, दोन्ही लोपली होती. स्टॅमफर्डला ती एकदम पुन्हा दिसतात. इथलं खापर हातात घेतलं तर पातळ, सायीच्या रंगाचं. आतून बोटांच्या गोल वळ्या आणि बाहेर फिकट पिवळी किंवा हिरवट चकाकी. ही चकाकी म्हणजे वाळूतल्या सिलिकेची वितळून झालेली काच. सिलिका एकटी वितळवायची तर सुमारे १७०० अंश सेल्सिअस उष्णता हवी. शिसं मिसळलं की हजाराच्या आतच काम भागतं. मातीत लोह कमी, म्हणून रंग उजळ.

हे शिकवलं कोणी? ८७७च्या सुमारास हा मुलूख डेन लोकांच्या हाती गेला. पण खुद्द डेन्मार्कमध्ये अशी भांडी होत नव्हती! किल्ल्याजवळच्या भट्टीतल्या काही भांड्यांवर तांबड्या रंगाचे पट्टे आहेत आणि तशी भांडी उत्तर फ्रान्सकडे व्हायची. त्यामुळे डेन फौजेच्या पाठोपाठ तिकडचा कुंभार आला असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. कैदी म्हणून की पोटापाण्यासाठी, ते खापरं सांगत नाहीत. माझ्या डोळ्यांसमोर मात्र नवं गिऱ्हाईक हेरणारा एखादा धूर्त कारागीर येतो.

ही माती आगीलाही दाद देत नसे, म्हणून तिच्या मुशी होत. सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या यॉर्कमध्ये, कॉपरगेटच्या उत्खननात (१९७६–८१) धातू वितळवायच्या ज्या मुशी मिळाल्या, त्यांत स्टॅमफर्डच्या मातीच्या पुष्कळ आहेत. म्हणजे यॉर्कचे सोनार-तांबटही या गावचे गिऱ्हाईक.

बाराव्या शतकात झिलईत तांबं घालून गडद हिरवा रंग आणला गेला. तेराव्या शतकात मात्र हा धंदा बसला. तोवर ठिकठिकाणचे कुंभार झिलई चढवायला लागले होते.